समात्याच्या नळाचं पाणी

हाल्दूनच्या आईनं घरात पाऊल टाकलं आणि कोट काढायच्या आधी खिडक्यांकडे पाहिलं.

"पडदे कुठायत?"

"पडदे नाहीत, आई."

"धुवायला टाकलेत?"

"नाहीतच. कधी लावलेच नाहीत."

"पाच वर्षं?" नाझमियेनं पिशवी खाली ठेवली. "समोरच्या घरातली बाई माझ्याकडे बघतेय. हात करू का तिला?"

"कर. रोज मी करतो."

"लाज नाही वाटत?"

"पडदे लावून काय करायचं? कुठं राहायचंय इथं."

हे वाक्य हाल्दून पाच वर्षं म्हणत आला होता. कोलोन शहरातल्या या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत जमिनीवर गादी होती, दोन पातेली होती, कपाटाच्या जागी उघडी पडलेली सूटकेस होती. दाराशी, चपलांच्या शेजारी, खोक्यात घातलेलं साझ उभं असायचं. चहासुद्धा तो उभ्यानं प्यायचा. कुठल्याही खोलीत गेला की आधी दार कुठे आहे ते बघायचा आणि त्याच्या जवळची खुर्ची धरायचा. आईनं हे पहिल्याच तासात टिपलं.

इस्तंबूलला त्याचं नाव झालं ते याच साझमुळे. मामाचं जुनं, लांब मानेचं गावाकडचं वाद्य. हाल्दूननं त्याला मोडक्या गिटारचा चुंबक बसवला आणि तारा रेडिओच्या अँप्लिफायरला जोडल्या. शाळेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मुख्याध्यापकांनी फ्यूज काढून नेला होता. पुढे चौघांचा बँड झाला, 'कर्लांगच', म्हणजे पाकोळी. केस खांद्यावर, गाणी शेतमजुरांची आणि ढोल इंग्रजी पद्धतीचा. त्यांचं पिठाच्या गिरणीवरचं 'गिरणी' हे गाणं संपांच्या तंबूत, फुटबॉलच्या मैदानात, बसच्या अड्ड्यांवर वाजलं. शब्द शेजारच्या तेव्फिकचे, चाल हाल्दूनची. ते दोघं इस्तंबूलच्या समात्या भागात एकाच इमारतीत वाढले, तेव्फिक खालच्या मजल्यावर.

सन ऐंशीच्या सप्टेंबरात बँड दहा दिवसांच्या दौऱ्यावर जर्मनीत आला. बाकीचे परत गेले. हाल्दून एका रेडिओसाठी ध्वनिमुद्रण करायला दोन दिवस मागे राहिला, आणि त्या दोन दिवसांत लष्करानं देश ताब्यात घेतला. मग नावांची यादी वाचली गेली, हजर व्हायची तारीख दिली गेली. तारीख गेली आणि तिच्याबरोबर नागरिकत्वही गेलं. लोकांनी त्याच्या रेकॉर्डी हमामखान्याच्या चुलीत घातल्या. तेव्फिक शाळेत शिकवायचा; त्याला शिक्षकांच्या खोलीतूनच नेलं. तो अजून आत होता आणि त्याचा खटला अजून चालू होता.

"पासपोर्ट किती दिवसांत मिळाला तुला?" हाल्दूननं विचारलं.

"तीन. पोलिसांनी घरी आणून दिला. चहा घेता का विचारलं तर बसले, दोन-दोन घेतले." नाझमिये बूट काढत होती. "मला काय कळत नाही का कशाला दिला ते? तुला पटवायला पाठवलंय मला. तिकीट फुकट, म्हणून आले."

तिनं पिशवीतून मिरच्यांची वाळवणं काढली, पांढऱ्या जाड कापडाचा मोठा गठ्ठा काढला आणि शेवटी लिंबाच्या कोलोनची काचेची बाटली काढून फळीवर ठेवली. या शहराच्या नावाचंच अत्तर, पण घराघरात पाहुण्याच्या ओंजळीत ओततात ते, इस्तंबूलच्या लिंबांचं. "याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"का?"

"सांगितलं ना."

कापड पडद्यांचं होतं. न बघताच तिला ठाऊक असावं.

रविवारी एक लग्न होतं. मोटारी धुण्याच्या दुकानामागचा हॉल, प्लास्टिकची फुलं, चारशे माणसं. पाच वर्षांत हाल्दूनचा पोटापाण्याचा धंदा हाच होता. नवरा-नवरी आत येताना एक संथ गाणं, मग हातात हात धरून नाचायची गाणी, मग जेवण, मग पुन्हा नाच. बँडमध्ये कीबोर्डवाला बुलुत मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा, आणि ढोलावर युर्गन नावाचा जर्मन मुलगा होता. तो चांगला वाजवायचा, पण नऊ मात्रांचा ठेका आला की गडबडायचा. दोन, दोन, दोन आणि तीन. त्या शेवटच्या तिनात त्याला दरवेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटे आणि तो ती मात्रा दुरुस्त करायला जाई.

मधल्या सुट्टीत आई म्हणाली, "तो सोनेरी केसांचा मुलगा लंगडतोय."

"शिकतोय अजून."

"त्याला सांग, जिना उतरताना शेवटची पायरी उंच असते तसं ते आहे. पाय आपोआप थांबतो."

युर्गनला ते भाषांतर करून सांगितलं. पुढचं गाणं त्यानं बरोबर वाजवलं आणि लांबूनच नाझमियेला वाकून नमस्कार केला.

फर्माइशी कागदी रुमालांवर लिहून मंचाकडे येत होत्या. 'नवऱ्याच्या मोठ्या काकांकडून, एरझुरुमचं काहीतरी.' 'टेबल नऊ, आमचं गाणं कधी?' एका रुमालावर फक्त एक शब्द होता, 'गिरणी'. हाल्दूननं तो घडी घालून खिशात टाकला. तरी नवरीचा बाप कुठूनतरी बघत असणार. तो लगबगीनं मंचाशी आला.

"हाल्दून दादा, माझ्यासाठी जीव की प्राण आहात तुम्ही. पण तेवढं एक नको. जुलैत गाडीनं गावी जातो आम्ही, सगळी पोरंबाळं घेऊन. सीमेवर उगाच…"

"मी वाजवणारच नव्हतो."

"मला माहीत होतं. तरी बायको म्हणाली, सांगून ये."

फोटोवाला मंचाकडे वळला तशी पुढे नाचणारी माणसं कडेला सरकली. ढकलाढकली नाही, काही नाही. पाणी सांडलं की लोक जसे पाय उचलतात तसे सहज सरकले. फोटोत हाल्दून, बुलुत आणि युर्गनच राहिले. नाझमिये टेबलापाशी बसून शेंगदाणे सोलत होती. तिनं ते पाहिलं, टरफलं मुठीत गोळा केली, उठली आणि सरळ मंचावर येऊन मुलाच्या शेजारी उभी राहिली.

"काढ," ती फोटोवाल्याला म्हणाली. "मी परवाच केस रंगवलेत."

मंगळवारी रेफेत बे आले. 'बे' म्हणजे साहेब; तुर्की वकिलातीतले, पन्नाशीचे, शूज काढून पायातल्या मोज्याचं भोक दुसऱ्या पायानं झाकणारे. हातात पिस्त्याच्या मिठाईचा डबा. हाल्दूनला त्यांचा राग यायला हवा होता. पण माणूस इतका अवघडला होता की जमेना.

"माझा साखरपुडा तुमच्या रेकॉर्डवर झाला," रेफेत बे गादीच्या कडेवर बसत म्हणाले. "ती रेकॉर्ड आता… म्हणजे घरात नाही. पण बायको अजून गुणगुणते."

आई स्वयंपाकघरात चहा करत होती. पाहुणा आला, त्याच्या हातावर कोलोन ओतलं पाहिजे, हे हाल्दूनच्या हाडात होतं. तो उठला, फळीवरची बाटली घेतली, रेफेत बेंनी ओंजळ पुढे केली. हाल्दूननं ओतलं. रेफेत बेंनी हात चोळले, मग ओंजळ नाकाशी नेली. पुन्हा नेली. सर्दी झालीय का अशा चेहऱ्यानं हाल्दूनकडे बघितलं.

"हे… पाणी आहे."

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली नाझमिये ओरडली, "अरे, ते त्यांच्यासाठी नाही!"

तिनं ट्रे खाली आदळला आणि बाटली हिसकावून घेतली. उजेडात धरून पाहिली. निम्मीच उरली होती.

"झालं! आता हे परत परत येत राहणार."

"मातोश्री, काही चुकलं का?"

"तुमचं नाही, साहेब. चहा घ्या."

चहा पिता पिता रेफेत बेंनी सांगायचं ते सांगितलं. येत्या मंगळवारी प्रजासत्ताक दिन. दुपारी वकिलातीत समारंभ. हाल्दून बेंनी यावं, दोन लोकगीतं म्हणावीत, नुसती लोकगीतं, आपल्या आया म्हणतात ती. मग एका वार्ताहराशी एक वाक्य बोलावं.

"कोणतं?"

रेफेत बेंनी ते पाठ केलं असावं. कपाकडे बघत म्हणाले, "'गिरणी'चे शब्द माझे नव्हते, आणि त्यांचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता."

"बास?"

"बास. पासपोर्ट तिथल्या तिथे. मातोश्रींच्याच विमानात तुमचीही जागा आहे, खिडकीजवळची."

"आणि तेव्फिक?"

रेफेत बेंनी कप बशीत ठेवला. तो वाजू नये म्हणून फार जपून ठेवला. "त्या प्रकरणाबद्दल मला काही माहिती नाही, हाल्दून बे. खरंच नाही."

त्यांना नव्हती, पण हाल्दूनला होती. तेव्फिकचं म्हणणं कोर्टात एकच होतं: गाणं म्हणजे गाणं, शब्द मी लिहिले, चाल त्यानं दिली, दोघांनी एका टेबलावर बसून केलं, त्यात कट कसला? उद्या गाणाराच म्हणाला की मला फसवून गाऊन घेतलं, तर फसवणारा एकटा उरतो. वकिलानं हाजेर काकूंना, म्हणजे तेव्फिकच्या आईला, साफ सांगितलं होतं की तसं झालं तर आणखी वर्षं वाढतील.

रेफेत बे गेले. हाल्दून खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"बस जरा," आई म्हणाली. "खालची बाई छत कोसळतंय म्हणून वर येईल."

"बाटलीत काय आहे?"

ती पडद्याचं कापड मांडीवर घेऊन दुमड घालत होती. दोरा दातानं तोडला. "आपल्या घरच्या नळाचं पाणी."

"विमानातून?"

"तू निघालास त्या सकाळी नळाला पाणी नव्हतं. आठवतं? तीन दिवस नव्हतं. घरात तांब्याभर उरलं होतं. तू जिना उतरलास आणि मी तांब्या घेऊन दारात आले, ओतणार तुझ्या मागं, पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये म्हणणार. मग मनात आलं, दहाच दिवस तर जातोय, कशाला वाया घालवायचं. आत गेले आणि भात टाकला."

हाल्दून थांबला. "म्हणजे मी भातामुळे अडकलोय?"

"हसू नकोस."

"लष्करामुळे नाही. तांदळामुळे."

"लष्कर येतं, जातं. सगळ्यांच्या मागं पाणी ओततात आया. एकट्या माझ्याच पोरामागं नाही ओतलं कुणी." तिनं सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या जाईना. हाल्दूननं सुई घेतली, दोरा ओवून दिला.

"मग आता ओतायचंय?"

"तू घरी यायला निघशील तेव्हा. त्याच नळाचं आहे ते. कुठंही ओतलं तरी त्याला आपलं घर ठाऊक."

"हाजेर काकू कशा आहेत?"

"दर बुधवारी त्याला भेटून येते. येताना थेट वर माझ्याकडे. मी चहा देते. मी काही विचारत नाही, ती काही लपवत नाही. तेव्फिक दरवेळी विचारतो म्हणे, आमचा पाकोळ्या हल्ली काय गातोय?"

"आणि तू काय सांगतेस?"

"लग्नात गातो सांगितलं तर खूप हसला."

हाल्दून पुन्हा चालू लागला. "तुला काय वाटतं, आई? जाऊ?"

"मला वाटतं तू घरी यावास. मी आई आहे, न्यायाधीश नाही. मला विचारशील तर दरवेळी हेच सांगणार."

"आणि काकू जिन्यात भेटली की?"

ती बराच वेळ शिवत राहिली. "भेटेल. एकच जिना आहे. तेव्हाचं तेव्हा."

तो आठवडा हाल्दून झोपला असेल-नसेल. रस्त्यावरून नदीपर्यंत आणि नदीवरून परत. बुलुतच्या घरी गेला, बसला नाही, परत आला. पडदे शिवून झाले होते, आईनं इस्त्री करून गादीवर ठेवले होते. तो लावू देत नव्हता. "आता कशाला?" तो म्हणाला. "आठवड्यानं खोलीच सोडायची असेल तर?" आणि 'असेल तर' या दोन शब्दांवर दोघंही थांबले.

मंगळवारी दुपारी त्यानं दाढी केली. आईनं पांढऱ्या सदऱ्याची कॉलर नीट केली. साझचं खोकं त्यानं खांद्याला लावलं.

"निघतो."

"मागं वळून बघायचं नाही," ती म्हणाली. "बघितलं की पाणी फुकट."

जिन्यात ओतलं तर कुणी घसरेल म्हणून तिनं खिडकी उघडली. हाल्दून रस्त्यावर आला आणि त्याच क्षणी चौथ्या मजल्यावरून बाटली उलटी झाली. थोडं त्याच्या मागच्या फरशीवर पडलं, बरंचसं दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, फ्राऊ केसलर या शेजारीणबाईंच्या वाळत घातलेल्या उशांवर. त्या बाहेर डोकं काढून जे काही बोलल्या त्यावर वरून नाझमियेनं तिला येणारे दोनच जर्मन शब्द, आभाराचे, मोठ्यानं म्हटले, "डांके शोन!" हाल्दूनला हसू फुटलं, पण तो वळला नाही.

ट्राममध्ये तो नेहमीसारखा दाराशी उभा राहिला. वाक्य मनात म्हणून बघितलं. 'शब्द माझे नव्हते.' अडचण ही होती की ते खरं होतं. सगळं इस्तंबूल सांगेल, शब्द तेव्फिकचे. खऱ्या वाक्याला घाबरायचं कशाला? त्यानं ते ट्रामच्या खडखडाटावर बसवून पाहिलं. पहिल्या भागापर्यंत नीट गेलं, मग कुठेतरी अडखळलं. युर्गनसारखं. शेवटच्या मात्रेत काहीतरी जास्त होतं.

मग त्याला ते सापडलं. समात्या स्टेशनासमोरचं चहाचं दुकान, टेबलावर सूर्यफुलाच्या बिया. तेव्फिकनं ध्रुवपद लिहून आणलं होतं: 'मालकाला ठाऊक आहे, कोण उपाशी झोपलं.' हाल्दूननं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाला, बसत नाही. मालकाला ठाऊक असलं तर असलं, त्यात काय? 'गव्हाला' म्हणून बघ. 'गव्हाला ठाऊक आहे, कोण उपाशी झोपलं.' तेव्फिकनं टेबलावर अशी थाप मारली की बिया उडाल्या. दुकानदारानं दोघांना झाडू दिला होता.

एक शब्द हाल्दूनचा होता. आणि सरकारी वकिलानं कोर्टात बोट ठेवलं होतं ते नेमकं त्याच शब्दावर. गहू म्हणजे कोण? भुकेलेली जनता? उठाव करणारी? हाजेर काकूंनी आईला सांगितलं होतं, आईनं फोनवर, गमतीची गोष्ट म्हणून. तेव्फिक म्हणाला होता, गहू म्हणजे गहू, साहेब, ज्याचा पाव करतात तो. सगळं कोर्ट हसलं होतं. पण तो शब्द माझा नाही, हे तेव्फिक तेव्हाही म्हणाला नव्हता आणि नंतर कधीच म्हणाला नव्हता. म्हणता आलं असतं. ते खरं होतं.

वकिलातीचा थांबा आला. काचेतून लाल झेंडे दिसत होते, रांगेनं लावलेल्या गाड्या दिसत होत्या. फाटकाशी रेफेत बे नव्या मोज्यांसकट, निदान नव्या बुटांसकट, उभे होते. शेजारी कॅमेरावाला. रेफेत बे घड्याळ बघत होते आणि थंडीनं हात चोळत होते.

ट्रामचं दार उघडलं. पाच वर्षं प्रत्येक खोलीत, प्रत्येक हॉलमध्ये हाल्दून अशाच एका दाराच्या जवळची जागा धरून उभा राहिला होता. त्यानं खोक्याचा पट्टा घट्ट धरला. रेफेत बेंनी त्याला पाहिलं, हात वर केला. हाल्दूननंही हात वर केला, समोरच्या घरातल्या बाईला करायचा तसा.

दार बंद झालं. ट्राम निघाली. ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, वळसा घालून परत आली, आणि वकिलातीच्या थांब्यावर या वेळी दार उघडलं तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

घरी परतला तेव्हा अजून उजेड होता. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर फ्राऊ केसलर उशा झटकत होत्या. त्यांनी त्याला काहीतरी सुनावलं आणि त्यानं सगळं मान्य केलं. वर आईनं दार उघडलं. त्याच्या खांद्यावरचं खोकं बघितलं, रिकामे हात बघितले, कॉलर बघितली. कॉलर दुपारी तिनं नीट केली तशीच होती.

"गायलास?"

"नाही."

"बोललास?"

"आत गेलोच नाही. ट्राममधनं उतरलोच नाही. एक शब्द माझाही होता, आई, त्या गाण्यात. 'गहू' माझा होता."

नाझमिये उंबऱ्यावर उभी राहिली. दार एका हातानं धरलेलं. मग तिचा दुसरा हात तोंडावर गेला.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी चुकीच्या दारात ओतलं."

"काय?"

"पाणी! इथनं ओतलं, म्हणून इथंच आलास परत. बघ की, किती झटकन आलास! संध्याकाळसुद्धा झाली नाही." ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्ही एकदम होत असल्यामुळे तिला नीट काहीच जमत नव्हतं. "आणि तो साहेबही येणार आता. त्याच्या हातावर निम्मं गेलंय."

"तू म्हणाली होतीस त्याला नळ कळतो."

"नळ नाही कळत. दारच कळतं त्याला. मूर्ख मी. समात्याच्या दारातच ओतायला हवं होतं तेव्हा, भात गेला असता तर गेला असता."

हाल्दूननं खोकं खांद्यावरून उतरवलं. ते ठेवायला दाराशी वाकला, पण तिथे आईचे बूट होते. त्यानं खोकं आत नेलं आणि भिंतीला टेकवलं.

"शुक्रवारी तुझं विमान," तो म्हणाला.

"माहितीय. माझ्या मागं पाणी ओतू नकोस. मला इथं परत आणलंस तर बघ. जिना चढवत नाही." तिनं दार लावलं. "पुढच्या बुधवारी हाजेर येईल वर. चहाला."

"काय सांगशील?"

"सांगेन, येतो म्हणालाय. पण या विमानानं नाही." तिनं नाक पुसलं. "गव्हाचंही सांगू?"

"काकूला सांग. तेव्फिकला ठाऊकच आहे."

तिनं मान हलवली. मग गादीवरचे पडदे उचलले, एक टोक झटकलं आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं.

हाल्दून खिडकीपाशी गेला. समोरच्या घरात दिवा लागला होता, ती बाई टेबलावर ताटल्या मांडत होती. त्यानं स्टूल ओढलं आणि वर चढला. खालून दुसरी ट्राम गेली. तिच्या आवाजाबरोबर त्याचा पाय स्टुलावर ठेका धरू लागला, दोन, दोन, दोन आणि तीन.

"हलू नकोस," आई म्हणाली. "टोक धर नीट. वाकडा लागेल."

त्यानं टोक धरलं.